गाडीचे पॉलिश घरात वापरताना

करमाळ्याच्या पेठेत अलीकडे गाडीचे पॉलिश दुकानाच्या काउंटरवर आणि घरातल्या फर्निचरवरही फिरू लागले आहे. ऑईलपेंट दिलेल्या लोखंडी कपाटाला गाडीचे मेण चालते. तोही रंगवलेला पत्राच. काचेला मायक्रोफायबरचे फडके उत्तम. पण सागवानी फर्निचरवरचे फ्रेंच पॉलिश लाखेचे असते. रबिंग कंपाऊंड घासून रंग काढते. त्याने लाखेचा पातळ थर निघून जातो. सिलिकॉनचे पॉलिश लाकडात मुरले, तर पुढे नवे पॉलिश नीट बसत नाही आणि बोल मात्र कारागिराला लागतो. फरशीला मेण लावले, तर वजूच्या ओल्या पायांनी वडीलधारी माणसे घसरतील. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर ते नकोच. आम्ही कापडवाले, काउंटरचे मेण पांढऱ्या ताग्याला लागले की नुकसान आमचेच.

तेव्हा व्यापारी बंधूंनी आधी कोपऱ्यात थोडे लावून पाहावे, पॉलिशवाल्या कारागिराला विचारावे. कारागिरांनीही काम सोपवताना कोणते पॉलिश दिले आणि ते कसे पुसावे, हे गिऱ्हाइकाला सांगावे. तीही अमानतच आहे.