आधी माणसे, मग रेषा

ऑक्टोबर 2025 मध्ये उत्तर सायप्रसमधील तुर्की मतदारांनी जो कौल दिला, त्याचा विचार आपल्याकडे व्हावयास हवा होता तसा झाला नाही. पाच वर्षे ‘दोन स्वतंत्र राज्ये’ हा एकच घोष करणाऱ्या एर्सिन तातार यांना त्यांनी दूर सारले आणि संघराज्याच्या पायावर बेट पुन्हा एक व्हावे असे म्हणणाऱ्या तुफान एर्हुर्मान यांना सुमारे 63 टक्के मते दिली. ज्यांच्या नावाने फाळणीचे नगारे इतकी वर्षे वाजविले जात होते, त्यांनीच हा कौल द्यावा, ही घटना लहान नव्हे.

सीमाभागात बसून भूमध्य समुद्रातील बेटाची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. सायप्रसचे क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याहूनही ते लहान. एवढ्याशा भूमीवर ग्रीक बोलणारे आणि तुर्की बोलणारे असे दोन समाज शतकानुशतके शेजारी नांदले. आज त्यांच्यामध्ये सुमारे 180 किलोमीटर लांबीचा पट्टा आहे आणि त्यावर संयुक्त राष्ट्रांचा पहारा आहे. “झाले ते झाले, आता ही रेषा मान्य करा,” असा उपदेश त्या बेटाला जगातील शहाणे नित्य करीत असतात. हा उपदेश आमच्या वाचकांस ओळखीचा वाटल्याखेरीज राहणार नाही. 1 नोव्हेंबर 1956 पासून तो आम्हीही ऐकत आहो. म्हणूनच त्याची शहानिशा करणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते.

प्रथम इतिहास. 1571 साली ऑटोमन तुर्कांनी हे बेट जिंकले, 1878 साली ब्रिटिशांनी त्याचा कारभार हाती घेतला आणि 1914 साली ते खालसा केले. बहुसंख्य ग्रीकांस ग्रीसमध्ये विलीन व्हावयाचे होते. या विलीनीकरणास ते ‘एनोसिस’ म्हणत. जानेवारी 1950 मध्ये चर्चने घेतलेल्या मतदानात सुमारे 96 टक्के ग्रीकांनी त्यास संमती दिली. ती इंग्रजांनी कानाआड केली, तेव्हा 1955 साली सशस्त्र लढा पेटला. त्या लढ्याविरुद्ध इंग्रजांनी तुर्की तरुणांची पोलीस दले उभी केली, आणि शेजारी शेजाऱ्याकडे बंदुकीच्या नळीतून पाहू लागला. तुर्की पुढाऱ्यांनी एनोसिसला उत्तर म्हणून ‘तक्सीम’ ही घोषणा दिली. हा शब्द आम्हांस परका नाही. कोकणातील खोतीच्या कागदपत्रांत ‘तक्षीम’ म्हणजे वाटणीतील हिस्सा. भाऊ विभक्त होतात तेव्हा तक्षीम ठरते हे खरे, परंतु ती ठरविताना भावांस घरातून हुसकून लावीत नाहीत.

1960 साली बेट स्वतंत्र झाले. त्याची घटना झुरिच आणि लंडन येथील वाटाघाटींत ठरली. ब्रिटन, ग्रीस व तुर्कस्तान हे जामीनदार झाले, पण सायप्रसच्या जनतेस तिचे मत कोणी विचारले नाही. ग्रीक राष्ट्राध्यक्ष, तुर्की उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यास नकाराधिकार, प्रतिनिधिगृहात 35 ग्रीक व 15 तुर्क, सरकारी नोकऱ्यांत 70 व 30 असे प्रमाण, अशी ती व्यवस्था होती. तुर्क लोकसंख्येत सुमारे 18 टक्के होते. हे माप त्यांना अधिक मिळाले असा ग्रीकांचा आक्षेप होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु जो करार आपण सहीनिशी स्वीकारला तो काही वर्षांतच मोडावयास निघणे हा त्यावरचा इलाज नव्हता. नोव्हेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनादुरुस्तीची तेरा कलमे पुढे केली, नकाराधिकार काढावयाचे ठरविले, आणि डिसेंबरात रक्त सांडले. सुमारे पंचवीस हजार तुर्क आपली गावे सोडून कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले. निकोशिया शहराच्या नकाशावर एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच ती ‘हरितरेषा’. पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसता येते. परंतु पुसणारा हात वेळीच पुढे आला नाही, तर ती दगडाची होते.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगत आहो. सायप्रसची कथा 1974 पासून आरंभिणारे अर्धेच सत्य सांगतात, आणि 1963 पाशी थांबणारेही अर्धेच सांगतात. 15 जुलै 1974 रोजी अथेन्समधील लष्करशहांनी मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडविले. पाचच दिवसांनी तुर्की फौजा बेटावर उतरल्या. घटना वाचविण्यासाठी आलेल्या त्या फौजा ऑगस्टात अथेन्समधील लष्करशाही कोसळल्यावरही पुढे सरकल्या आणि बेटाचा सुमारे 36 टक्के भाग बळकावून बसल्या. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे हाकलले गेले, चाळीस हजारांहून अधिक तुर्क उत्तरेकडे गेले. माराथा, सांतालारिस व आलोआ या तीन खेड्यांत सुमारे सव्वाशे तुर्क, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, ग्रीक बंदूकधाऱ्यांनी मारून पुरले. दोन्ही समाजांतील बेपत्ता माणसांच्या अधिकृत यादीत 2,002 नावे आहेत. ज्याची आई अजून हाडे मिळण्याची वाट पाहते, त्यास ‘रेषा मान्य करा’ हे सांगणाऱ्याने आधी त्या आईच्या डोळ्यांस डोळा भिडवून पाहावा.

आता फाळणीवाद्यांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, अर्धशतक लोटले, दोन पिढ्या वेगळ्या वाढल्या, आता वस्तुस्थिती मान्य करणे हेच शहाणपण. आम्ही विचारतो, कोणती वस्तुस्थिती? 15 नोव्हेंबर 1983 रोजी उत्तरेत ‘प्रजासत्ताक’ घोषित झाले. सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 541 अन्वये ती घोषणा बेकायदा ठरविली, आणि तुर्कस्तानवाचून एकाही देशाने तिला मान्यता दिलेली नाही. ताबा आहे, पण मालकी नाही. आमच्याकडे कोणी दांडगाईने शेजाऱ्याचे शेत नांगरले आणि पन्नास हंगाम पीक काढले, तर तेवढ्याने सातबारा त्याचा होतो काय? किरेनिया येथील एका ग्रीक महिलेच्या दाव्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1996 साली हेच सांगितले, की जमिनीची मालकी तिचीच आहे.

परंतु याच न्यायालयाने 2010 साली दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतका काळ लोटल्यावर प्रत्येकास त्याचे घर जसेच्या तसे परत देता येईलच असे नाही, त्या घरांत आता दुसरी माणसे राहतात, तेव्हा काहींस भरपाईवर समाधान मानावे लागेल, असा त्या निकालाचा आशय होता. काळ अन्यायास न्याय करीत नाही हे खरे. पण न्याय मिळेपर्यंत तो न्यायाचा एक एक चिरा काढून नेतो, हेही तितकेच खरे. आमचा स्वतःचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. विलंब हा तटस्थ नसतो. तो नेहमी ताबेदाराच्या बाजूने साक्ष देतो. म्हणूनच ‘थांबा आणि पाहा’ हे धोरण संघराज्याचे नसून फाळणीचेच आहे.

येथे आमच्यावर एक शर सोडला जाईल, आणि तो आम्ही छातीवर घेऊ. ‘तुम्ही स्वतःच भाषेवरून रेषा बदलून मागता, मग तुर्कांनी भाषेवरून वेगळे व्हावे, यास तुमचा विरोध कसा?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे. आमची मागणी खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या चतुःसूत्रीवर उभी आहे. माणूस जेथे आहे तेथेच राहील, रेषा तेवढी त्याच्या बाजूने सरकेल. ती रेषाही एकाच प्रजासत्ताकातील दोन राज्यांमधली आहे. तिच्यासाठी कोणासही उंबरठा सोडावयाचा नाही. कन्नड बांधवांनी घरदार सोडावे असे आम्ही कधी म्हटले नाही, म्हणणार नाही. सायप्रसमध्ये नेमके उलटे घडले. बेटाच्या सहा जिल्ह्यांपैकी एकातही तुर्कांचे बहुमत नव्हते. दोन्ही समाज सर्वत्र मिसळलेले होते. म्हणून आधी रेषा आखली आणि मग त्या रेषेस शोभतील अशी माणसे इकडून तिकडे हलविली. नंतर तुर्कस्तानातून लोक आणून रिकामी गावे भरली. आधी माणसे, मग रेषा, हे लोकशाहीचे तत्त्व. आधी रेषा, मग माणसे, हा तलवारीचा न्याय. पहिल्यासाठी आम्ही लढतो, आणि म्हणूनच दुसऱ्याला विरोध करतो. 1993 साली झेक आणि स्लोव्हाक विभक्त झाले, हा दाखलाही येथे गैरलागू आहे. तेथे सीमा पूर्वीचीच होती आणि कोणास हाकलावे लागले नाही.

मग संघराज्य म्हणजे काय? 1977 साली मकारिओस आणि तुर्की नेते राउफ डेंक्टाश यांनीच हे सूत्र मान्य केले आहे. दोन समाजांचे, दोन घटकांचे एक राज्य, एक सार्वभौमत्व, एक नागरिकत्व. त्याची किंमत मात्र तिघांनाही मोजावी लागेल.

ग्रीक बहुसंख्याकांस आमचे सांगणे असे, की संख्या हा पुरावा आहे, परवाना नव्हे. अल्पसंख्याकाला दिलेली राजकीय समता ही भीक नसून एकत्र राहण्याचे मोल आहे. 24 एप्रिल 2004 रोजी कोफी अन्नान यांच्या योजनेवर मतदान झाले. सुमारे 65 टक्के तुर्कांनी होकार दिला, सुमारे 76 टक्के ग्रीकांनी नकार दिला. परकी फौज पूर्ण जात नाही आणि निर्वासितांचे परतणे अपुरे राहते, हे नकाराचे कारण आम्ही समजू शकतो. पण एका आठवड्याने दक्षिणेने युरोपीय संघात दिमाखाने प्रवेश करावा आणि होकार देणारा उंबऱ्याबाहेर राहावा, याचा घाव तुर्की मनावर बसला, हेही त्यांनी समजून घ्यावे.

तुर्कस्तानास आमचे सांगणे, की जामीनदार हा घरमालक नव्हे. 2017 साली क्राँ-मोंताना येथील वाटाघाटी याच खडकावर फुटल्या. हस्तक्षेपाचा हक्क आणि फौजेचा मुक्काम हवा, आणि वर संघराज्यही हवे, हे दोन्ही एका झोळीत मावणार नाही. आणि ब्रिटनने इतरांस उपदेश करण्यापूर्वी बेटाचा सुमारे तीन टक्के भाग आपल्या सार्वभौम लष्करी तळांसाठी आजही कसा राखला आहे, याचा जाब द्यावा.

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही निकोशियाच्या गटारांकडे बोट दाखवितो. 1978 साली, जखमा ओल्या असताना, त्या दुभंगलेल्या शहराच्या दोन्ही बाजूंचे नगरप्रमुख लेलोस देमेत्रियादिस आणि मुस्तफा आकिंजी यांनी एकच मैलापाणी योजना चालविण्याचे ठरविले, कारण जमिनीखालच्या उताराला हरितरेषा कळत नव्हती. कार्पास टोकावरील सेंट अँड्र्यूचा मठ उत्तरेत आहे आणि लार्नाकाजवळचा हाला सुलतान दर्गा दक्षिणेत. अशा वास्तू राखण्यासाठी दोन्ही समाजांची संयुक्त समिती काम करते. 23 एप्रिल 2003 रोजी रेषेवरील दारे प्रथम उघडली, तेव्हा हजारो माणसे आपली जुनी घरे पाहावयास गेली. अनेक दारांत नव्या रहिवाशांनी त्यांना कॉफी दिली. ज्यांना परस्परांचे तोंड पाहणे अशक्य आहे असे सांगितले गेले होते, तीच ही माणसे!

भारताचा या बेटाशी संबंध रक्ताघामाचा आहे. 1964 साली आलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती ग्यानी भारतीय होते. त्यांच्यामागून आले कोडगूचे जनरल थिमय्या. डिसेंबर 1965 मध्ये सायप्रसच्या भूमीवरच त्यांनी देह ठेवला. कर्नाटक सरकारशी आमचा तंटा कितीही कडवा असो, त्या भूमीच्या या सुपुत्रापुढे आमचे मस्तक नम्र होते. 1974 च्या रणधुमाळीत सेनापती होते जनरल प्रेमचंद, तेही भारतीयच.

आणि म्हणूनच दिल्लीस आमचा एक शेवटचा प्रश्न आहे. सायप्रसच्या बाबतीत भारत सरकार दोन समाजांच्या संघराज्याचा, राजकीय समतेचा आणि वाटाघाटींचा पुरस्कार करते. हे धोरण योग्य आहे, त्यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु लोकांस न विचारता आखलेली रेषा काळाच्या ओघात पवित्र होत नाही, हे तत्त्व निकोशियात खरे असेल, तर ते निपाणीत, खानापुरात आणि कारवारात खोटे कसे होईल? एर्हुर्मान यांस मते देणाऱ्या तुर्की माणसाने अर्धशतकाच्या काटेरी तारेनंतरही आशा सोडलेली नाही. आम्हीही सोडलेली नाही.