बलक टाकला, बटर मात्र ठेवलं!

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलं-नातवंडं आलीयेत. नाताळच्या सुट्टीत सकाळी अंडी-टोस्टचा बेत असतो. ह्यांना चालेल का?" विचारणाऱ्या बहुधा काकू असतात आणि वर्षापूर्वी स्टेंट बसवलेले काका शेजारी गप्प बसलेले असतात. पुढचं उत्तरही काकूच देतात, "मी त्यांना पिवळं देतच नाही. फक्त पांढरं आणि दोन बटर-टोस्ट."

माझ्या मते इथे गुन्हेगार सुटतो आणि भलत्यालाच शिक्षा होते.

एका अंड्याच्या बलकात सुमारे 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनच बलक खावेत असं सांगितलं आणि तेव्हापासून अंडं बदनाम झालं. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं काम यकृत करतं. आहारात संपृक्त चरबी वाढली की हे काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच साठून राहतं. बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा या चरबीचा परिणाम जास्त होतो. दिवसाला 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेतून 2015 च्या आवृत्तीत काढली गेली, ती याच विचाराने.

आता काकांच्या ताटलीकडे बघू. एका अंड्यात संपृक्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम. दोन टोस्टना प्रत्येकी दोन चमचे बटर लावलं तर ते झालं साधारण 20 ग्रॅम. त्यातली संपृक्त चरबी सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे सहा अंड्यांइतकी! शिवाय बटर खारट आणि ब्रेड मैद्याचा. सोबत सॉसेज किंवा सलामी असेल तर मीठ आणि चरबी दोन्ही वाढले.

मला याहून जास्त खटकते ती काकांची वेगळी ताटली. सगळं घर हसत-खेळत चमचमीत खातंय आणि एक माणूस कोपऱ्यात पांढरं अंडं चघळतोय. असं पथ्य टिकत नाही. महिनाभराने काका नाक्यावरच्या गाडीवर डबल ऑम्लेट-पाव खाताना सापडतात आणि मला त्यांचा राग येत नाही. ज्या घरात एकाला हृदयविकार झाला, तिथल्या मुलांनाही धोका असतोच. मग ताटली एकाची का बदलायची? सगळ्यांचीच बदला.

चौघांसाठी एक सोपा बेत सांगतो. पसरट कढईत तीन-चार चमचे शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल घ्या. जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, दोन कांदे, एक ढोबळी मिरची आणि चार लालबुंद टोमॅटो घालून घट्टसर रस्सा होईपर्यंत शिजवा. मूठभर चिरलेला पालक टाका. चार खळगे करून चार अंडी अलगद फोडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर बलक घट्ट होईपर्यंत थांबा. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर सून असेल तर कच्चट बलक नकोच. मीठ सगळ्यांत मिळून अर्धा चमचा पुरे, वरून लिंबू पिळा आणि मिरपूड भुरभुरा. (सैंधव घातलं म्हणून मीठ कमी झालं, असं होत नाही. तेही सोडियमच!) लाल रस्सा, त्यात पिवळे बलक आणि वर कोथिंबीर. कढई तशीच टेबलावर आणली की नातवंडं धावत येतात.

टोस्ट तव्यावर कोरडेच भाजा. बटरऐवजी सायीशिवायच्या दह्याचा चक्का आणि हिरवी चटणी एकत्र करून लावा. ब्रेड घेताना रंगाला भुलू नका. ब्राऊन ब्रेडमध्ये कित्येकदा मैदाच असतो आणि रंग कॅरमलचा. पाकिटावर घटकांच्या यादीत सगळ्यात आधी जे लिहिलेलं असतं ते सगळ्यात जास्त असतं. तिथे गव्हाचं पूर्ण पीठ दिसलं तरच घ्या. नाही मिळालं तर सरळ पोळी करा, काही बिघडत नाही. केचपची बाटली मात्र आत ठेवून द्या, त्यात साखर आणि मीठ दोन्ही असतं.

याचा अर्थ रोज चार अंडी खा असा नाही. प्रकृती ठीक असलेल्याला दिवसाला एक पूर्ण अंडं चालतं. मधुमेह असेल, एलडीएल औषधं घेऊनही चढं असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल खूप वाढण्याचा आजार असेल, तर आठवड्याला किती बलक खायचे हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. अशांसाठी याच कढईत एखादा खळगा नुसत्या पांढऱ्याचा करता येतो. रस्सा, टोस्ट आणि टेबल सगळ्यांचं एकच राहतं.