जिद्दीच्या गोष्टी पुरे झाल्या

"जिद्द" या शब्दाची मला आताशा ॲलर्जी झाली आहे. खेड्यातल्या मुलीने कुठे पदक मिळवलं की पेपरात येणारी गोष्ट ठरलेली असते. आई मजुरीला, वडिलांवर कर्ज, घर पत्र्याचं, पायात बूट नाहीत... आणि तरीही! या "तरीही"नंतर जिद्द येते, जिद्दीनंतर सत्कार येतो, शाल-श्रीफळ येतं, फोटो निघतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. मुलगीसुद्धा.

आज हे लिहायला कारण झालंय आमच्या घरातलं भांडण. माझं माहेर पालम. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: परभणी जिल्ह्यातला तालुका, गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागतो, गोदावरीतलं जांभूळ बेट आमच्याच तालुक्यात. तिथे माझी भाची, भावाची मुलगी, फुटबॉल खेळते. वय वर्षं तेरा. तिला गोल मारण्यापेक्षा मधल्या फळीत खेळायला आवडतं, आणि मोठेपणी हेच करायचं म्हणते. यावर घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, हे काय खूळ. दुसरा म्हणतो, "पोरीत जिद्द पाहिजे अक्का, बाकी सगळं आपोआप होतंय बघ." मला जास्त राग येतो तो या दुसऱ्या पक्षाचा. (माझे दोन्ही मामेभाऊ हे वाचतात. वाचा रे, तुमच्यासाठीच आहे.)

तर मुद्दा असा की जिद्दीने मिडफिल्डर घडत नाही. धावपटू कदाचित घडेल. मिडफिल्डर नाही.

आमच्या परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये जिंकली. साताऱ्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीडच्या अविनाश साबळेचं नाव तर पोराटोरांना माहीत आहे. ही माणसं मोठी आहेत, त्यांना ट्रॅक आणि प्रशिक्षक लागलेच. पण सुरुवातीला पहाटे उठून गावच्या रस्त्यावर एकट्याने पळता येतं, आणि त्या पळण्याने माणूस खरोखर सुधारतो. आपल्याकडच्या सगळ्या जिद्दीच्या गोष्टी या रस्त्यावर उगवलेल्या आहेत. म्हणून आपल्याला वाटतं की सगळे खेळ असेच असतात.

मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम काय असतं? चेंडू पायाशी यायच्या आधी तिला माहीत हवं की पाठीमागे कोण आहे, डावीकडे कोण सुटलंय, आपला बचाव किती पुढे आलाय. चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून बघायचं, आणि आल्यावर एका स्पर्शात निर्णय घ्यायचा. भिंतीवर चेंडू मारून पाय तयार होतो, पण ही नजर तयार होत नाही. नजर तयार व्हायला समोर अकरा जणी लागतात, ज्यांना तुमचा चेंडू हिसकावून घ्यायचाय. आणि त्या आपल्याइतक्याच चांगल्या लागतात, आणि दर आठवड्याला लागतात. एकवीस जणी नसतील तर बावीसावीच्या जिद्दीचं काय लोणचं घालायचं?

आता हिशोब करू. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. हरलात की वर्ष संपलं. मागच्या वर्षी भाचीच्या संघाला तालुक्यात प्रतिस्पर्धीच नव्हता, म्हणून "पुढे चाल" मिळाली. जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात चार गोलांनी हरल्या. संपलं. वर्षभराचा सराव आणि खरा सामना एक! इंग्लंडच्या वरच्या महिला लीगमध्ये २०२४-२५ मध्ये प्रत्येक संघ २२ सामने खेळला, आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये १४. तेरा वर्षांच्या पोरीची त्यांच्याशी तुलना कशाला, असं म्हणाल. पण तिथल्या तेरा वर्षांच्या मुलीसुद्धा मोसमभर साखळी सामने खेळतात, तेव्हा कुठे त्यातल्या एखादीला ते २२ झेपतात. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे दहावीच्या निकालात मिळणारे वाढीव गुण. त्या गुणांसाठी संघ उभा राहतो आणि प्रमाणपत्र मिळालं की मोडतो.

"पण मणिपूरच्या मुली करतात ना?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. हो, करतात. ओइनाम बेमबेम देवीचं उदाहरण घ्या. मिडफिल्डर. १९९५ मध्ये पंधराव्या वर्षी भारताकडून पहिल्यांदा खेळली, २०१६ मध्ये निवृत्त झाली. एकवीस वर्षं! भारताची कर्णधार, पुढे अर्जुन पुरस्कार, २०२० मध्ये पद्मश्री. जिद्द कमी होती असं कोणी म्हणणार नाही. पण या एकवीस वर्षांत देशात महिलांची राष्ट्रीय लीगच नव्हती. २००९ मध्ये तर भारताचा महिला संघ दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून काढून टाकला गेला. म्हणजे ऐन उमेदीच्या वयात देशातली सर्वोत्तम मिडफिल्डर तयार होती आणि खेळायला सामना नव्हता. लीगचा पहिला मोसम २०१७ च्या सुरुवातीला दिल्लीत झाला, अंतिम फेरी जेमतेम अडीच आठवड्यांची. बेमबेम तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तिच्या संघाने ती लीग जिंकली. ही गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मला ती ऐकून चीड येते.

आणि मणिपूर जिद्दीवर चालत नाही. तिथे गल्लोगल्ली क्लब आहेत, मैदानं आहेत, आईने खेळलेला खेळ मुलगी खेळते. हरियाणातलं अलखपुरा हे एक साधं गाव. सरकारी शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने मुलींना चेंडू दिला, आणि एकदोघी नाही तर घराघरातल्या मुली रोज संध्याकाळी मैदानावर यायला लागल्या. समोरचा संघ गावातच तयार झाला. २०१७ च्या त्या पहिल्या लीगमधल्या सहा संघांत एक अलखपुराचा होता. जिल्ह्याचा नाही, राज्याचा नाही, गावाचा!

आता आपलं घर बघू. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या करंडकाचं नाव काय आहे माहीत आहे? राजमाता जिजाबाई करंडक. जिजाऊ आमच्या शेजारच्या सिंदखेड राजाच्या. ही स्पर्धा मणिपूरने वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. महाराष्ट्राने एकदाही नाही. नाव आमचं, करंडक त्यांच्याकडे.

बरं, महाराष्ट्र फुटबॉलवर खर्च करत नाही असंही नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला "मिशन वन मिलियन" झालं, एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, शाळाशाळांना चेंडू वाटले. २०२२ चा महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. (त्यात यजमान भारताचं काय झालं? इराणशी गोलशून्य बरोबरी, मग संघात करोना, तेरा खेळाडूसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत आणि आपण स्पर्धेबाहेर.) त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सी आला आणि "महादेवा" योजनेचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालची ३० मुलं, ३० मुली, पाच वर्षांची शिष्यवृत्ती. चांगलंच आहे. पण सहाव्या वर्षी त्या अठरा वर्षांच्या ३० मुलींनी जायचं कुठे? २०२४-२५ च्या महिला लीगमधल्या आठ क्लबांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. पहिल्या मोसमात पुणे सिटी होता, तो क्लबच २०१९ मध्ये बंद झाला. कोल्हापूर सिटी येऊन गेला. विजेत्यांची यादी बघा: मणिपूर, ओडिशा, तमिळनाडू, केरळ, बंगाल. कोल्हापुरात तालमींच्या पुरुष संघांचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं, याच जिल्ह्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकरने देशाच्या फुटबॉल महासंघाचं तळागाळातल्या प्रशिक्षणाचं काम पाहिलं. म्हणजे माणसं आहेत, प्रेक्षक आहेत. आपण मैदान भाड्याने देतो, पाहुण्यांची सरबराई करतो, उद्घाटनं करतो. फक्त दर रविवारी सामना भरवत नाही.

"मुलींचा फुटबॉल बघतं कोण? पैसे येणार कुठून?" हाही प्रश्न येईल. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांना आपली मैदानं बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं की कोणी येतच नाही! क्रिकेटचंच बघा ना. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन. २००६ मध्ये बीसीसीआयने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतलं, २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं, २०२३ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलो. त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना. तिचं कौतुक करताना आपण परत जिद्दच म्हणालो. मधली पन्नास वर्षं कोणी मोजली नाहीत.

स्पेनच्या खेळाडूंनी २०१९ मध्ये संप केला. मागणी होती किमान वेतन आणि कामाच्या अटी लेखी हव्यात. २०२० मध्ये करार झाला. २०२१ ते २०२५ सलग पाच वर्षं जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा बॅलन डी'ओर बार्सिलोनाच्या मिडफिल्डरने नेला: दोनदा ॲलेक्सिया पुतेयास, तीनदा ऐताना बोनमाती. स्पेनच्या पाण्यात काही वेगळं नाही. त्यांच्याकडे सामने आहेत आणि पगार आहे.

आता पहिल्या पक्षाकडे येते, जो म्हणतो हे खूळ आहे. मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांचा हिशोब बरोबर आहे. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाखांचा करार द्यावा. आठ क्लब गुणिले दहा, म्हणजे अख्ख्या देशात खात्रीच्या जागा ऐंशी. पगार महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. म्हणूनच बेमबेम मणिपूर पोलिसांत होती, इंदुमती कदिरेसन तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक, आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडविरुद्ध दोन्ही गोल करून भारताला आशियाई चषकात नेणारी संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात. देशाची मधली फळी खाकीच्या पगारावर उभी आहे.

आणि परभणीचा एक आकडा आहे, तो ऐकून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जवळजवळ निम्म्या! मिडफिल्डर पिकते पंचविशीत. बोनमातीला पहिला बॅलन डी'ओर मिळाला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आमच्याकडे त्या वयाची मुलगी दुसऱ्या लेकराच्या शाळेचं दप्तर भरत असते. ज्या बापाला मुलीच्या अठराव्या वर्षानंतर समोर काहीच दिसत नाही, त्याला "जिद्द ठेवा" म्हणून सांगणं हा निर्लज्जपणा आहे. त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. आज त्याला दिसतं वर्षातून एक सामना आणि एक प्रमाणपत्र.

तुम्ही म्हणाल, मग तुझं म्हणणं काय? सांगते. परभणी जिल्ह्यात तालुके नऊ आहेत: परभणी, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा. प्रत्येकाचा मुलींचा एक संघ. प्रत्येकाशी एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी खेळायचं. प्रत्येक संघाला सोळा सामने होतात. देशातल्या सर्वात मोठ्या महिला लीगपेक्षा दोन जास्त! लागतं काय? आठ रविवारी एक जीप, दोन चेंडू, शिट्टी वाजवणारा एक माणूस, केळी आणि पाणी. स्टेडियम लागत नाही, मेस्सी लागत नाही.

गावाकडच्या मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी गावातल्या कुठल्याही मुलीच्या सत्काराची वर्गणी मागायला कोणी आलं, तर तिने यंदा किती सामने खेळले ते विचारा. आकडा दहाच्या आत असेल तर शाल घेऊ नका. त्या पैशांचं डिझेल जीपमध्ये टाका आणि पोरींना पूर्णेला खेळायला न्या.