१५५.५२ चा हिशेब

टेलिकॉमचा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या वहीत एक आकडा हमखास असतो : सेकंदाला १५५.५२ मेगाबिट, म्हणजे एसटीएम-१. आकडा पाठ असतो. तो आला कुठून, असे विचारले की गाडी अडते. आम्ही इंजिनिअर नाही, कारकून आहोत. पण हिशेब आम्हाला कळतो, म्हणून तो मांडतो.

फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात. प्रत्येक मोजणीचे ८ बिट. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. अशी ३० संभाषणे आणि देखरेखीचे २ भाग मिळून २,०४८ किलोबिटची एक वाट होते.

जुन्या पद्धतीत अशा ४ वाटा एकत्र करीत. बेरीज ८,१९२, पण वेग ठेवावा लागे ८,४४८. कारण प्रत्येक यंत्राचे घड्याळ किंचित मागेपुढे. तो फरक सांभाळायला जादा बिट घालावे लागत.

१९८८ साली सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने एसडीएच पद्धत ठरवली. तिच्यात सर्व यंत्रांची घड्याळे एका मुख्य घड्याळाशी जुळवतात. माहिती ९ ओळी व २७० रकान्यांच्या तक्त्यात भरतात. घरे झाली २,४३०. प्रत्येक घरात ८ बिट, म्हणजे १९,४४० बिट. असे ८,००० तक्ते दर सेकंदाला काचेच्या तंतूतून जातात. करा गुणाकार : १५,५५,२०,००० बिट. हेच ते १५५.५२ मेगाबिट! अमेरिकेच्या सोनेट पद्धतीतील ५१.८४ ची तिप्पटही एवढीच, म्हणून दोन्हींचा मेळ बसला.

पुढे चौपट केली की एसटीएम-४ चे ६२२.०८, पुन्हा चौपट की एसटीएम-१६ चे २,४८८.३२. पैचाही फरक नाही.

एसटीएम-१ मध्ये २,०४८ किलोबिटच्या ६३ वाटा, म्हणजे १,८९० संभाषणे मावतात. त्यांची बेरीज मात्र १२९ मेगाबिटच भरते. बाकीची जागा चुका शोधणे, देखरेख, वाटांचा ठावठिकाणा आणि भरावाचे बिट यांत जाते. नुसता खटारा चालत नाही, गाडीवानही लागतो.

आज पुष्कळ ठिकाणी इथरनेट आणि ओटीएन आले आहे. यंत्रे बदलतात, पण ज्याला हिशेब मांडता येतो, तो नवे यंत्रही शिकतो.

म्हणून पालकांना एक विनंती. क्लासची फी घाम गाळून भरता, तर भरण्याआधी सरांना विचारा : १५५.५२ आले कुठून? फळ्यावर गुणाकार मांडून दाखवला, तरच पैसे मोजा. तो तपासायला सातवीचे गणित पुरते.