शरीराचे जुने दप्तर

दिवाळीत वहीपूजन होऊन नवी वही उघडली, तरी व्यापारी जुनी वही टाकून देत नाही. कोणी वेळेवर दिले आणि कोणी बुडवले, हे त्या जुन्या दप्तरातच सापडते. मानवी शरीरही असे एक दप्तर राखून असते.

त्वचा, लाळ आणि जठरातील आम्ल ही झाली दारावरची राखण. ती चुकवून आत शिरलेल्या जंतूला काही पांढऱ्या पेशी सरसकट गिळू पाहतात. नेमकी ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचे काम मात्र दुसऱ्या पेशींचे. पहिल्या खेपेस त्यात आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्यात माणूस अंथरुणाला खिळतो. आजार ओसरल्यावर काही पेशी ती नोंद घेऊन मागे राहतात; त्या स्मृतिपेशी.

ही नोंद किती टिकते, याचा दाखला उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर मिळाला. १८४६ मध्ये तेथे गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० जणांना तिने गाठले. त्यापूर्वीची साथ १७८१ ची. पाहणीस गेलेले तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पॅनम यांना आढळले, की त्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. नोंद पासष्ट वर्षे शाबूत होती!

'गोवर लहानपणी होऊन गेलेला बरा,' असे वडीलधारी मंडळी म्हणतात ते अशाच अनुभवावरून. पण हा हिशेब अर्धाच आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींतच शिरतो आणि त्यांचा नाश करतो. स्वतःची नोंद तेवढी राहते, इतर रोगांची पाने फाटतात. नेदरलँड्समध्ये धर्मश्रद्धेमुळे लस न घेणाऱ्या समाजातील ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी व नंतर तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पूर्वीच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली दिसली. अशा मुलाला ती भरून काढायची, तर त्या त्या जंतूंशी पुन्हा गाठ पडावी लागते. गोवरानंतर न्यूमोनिया किंवा अतिसाराने मुले दगावतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

लसीतील दुर्बल केलेला विषाणू नोंद करवून घेतो, दप्तराला हात लावत नाही. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. बाळ आजोळी गेले, दुकानाचा हंगाम आला, अशा कारणांनी राहून जाते ती बहुधा दुसरी. राहिलेली मात्रा पाच वर्षांचे होईपर्यंत सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. जाताना बाळाचे लसीकरण कार्ड सोबत न्यावे.