साहसाला शिस्तीचे वल्हे हवे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर रविवारी पहाटेपासून गाड्यांची रीघ लागते. पेण, नागोठणे मागे टाकून कोलाडला पोहोचणाऱ्या तरुणाईला ओढ असते ती कुंडलिकेच्या फेसाळत्या प्रवाहात रबरी तराफा लोटण्याची. सुखासीनतेच्या या काळात तरुणांना सह्याद्रीची आणि नदीची ओढ वाटावी, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागतच करतो. परंतु साहस आणि अविचार यांच्यातील सीमारेषा पुसट झाली की काय घडते, हे पनवेलकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या पांडवकडा परिसरात चार महाविद्यालयीन तरुणी वाहून गेल्या. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला.

कुंडलिकेची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. या नदीला केवळ आभाळातून पाणी येत नाही. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी कारावास पत्करला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते. १९२७ पासून तेथे वीजनिर्मिती होत आहे. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले हे पाणी डोलवहाळ बंधाऱ्यावर येते आणि तेथून साधारणतः सकाळी खाली सोडले जाते. म्हणूनच भर उन्हाळ्यातही येथे तराफे तरंगतात. याचा अर्थ असा, की आकाश निरभ्र असतानाही ही नदी चढू शकते आणि मुसळधार पावसात तर विसर्ग व पूर एकत्र येतात. हे गणित ठाऊक नसलेल्याने पात्रात उतरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. हिमाचलात ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्याने बियासच्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी पाहता पाहता गिळले. त्या दिवशीही नदी काही क्षणांपूर्वीपर्यंत शांतच होती!

मग करायचे काय? घरी बसायचे? मुळीच नाही. शिरढोणचे सुपुत्र आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजी सत्तेला आव्हान दिले, पण त्याआधी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घाम गाळला. वस्तादाची आज्ञा मानणारा शिष्यच आखाड्यात टिकतो, हा आपला संस्कार आहे. नदीवर प्रशिक्षित मार्गदर्शक हाच वस्ताद. अंगाला घट्ट बांधलेले जीवरक्षक जाकीट आणि डोक्यावरचे शिरस्त्राण हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. तराफा उलटलाच तर वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय खडकात अडकतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. मद्यप्राशन करून पाण्यात उतरणाऱ्यास तर सोबत्यांनीच रोखले पाहिजे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखले आणि व्यावसायिकांना नोंदणीचे बंधन घातले. परंतु कागदावरच्या नियमाने कोणी तरत नाही. विसर्गापूर्वी भोंगा वाजतो का, सूचनाफलक मराठीत आहेत का, साधनांची तपासणी होते का, याचा जाब समाजानेच विचारायला हवा. स्वस्ताच्या मोहाने बिगरनोंदणीचा तराफा निवडणारा ग्राहकही तितकाच दोषी ठरतो. नियम पाळून, उत्तम प्रशिक्षण घेऊन या व्यवसायात उभ्या राहिलेल्या स्थानिक तरुणांच्या पाठीशी मात्र आपण ठामपणे राहिले पाहिजे.

पनवेल परिसरातील मंडळांनी आणि स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी सहली जरूर काढाव्यात. मात्र त्यापूर्वी पोहण्याचे आणि बचावकार्याचे वर्ग घ्यावेत. नदीला आपण माता म्हणतो, तिची ओटी भरतो. मातेसमोर उन्माद शोभत नाही, नम्रताच शोभते. ज्या घरातून मुलगा सकाळी हसत बाहेर पडला, त्या घरात तो संध्याकाळी हसतच परतला पाहिजे. राष्ट्राला धाडसी तरुण हवे आहेत, आणि ते जिवंत हवे आहेत!