काकांना शाल नको, माणसं द्या

परवा आमच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, 'काकांचा जाहीर सत्कार करूया.' पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. मी विचारलं, 'रविवारी रोलर फिरवायला कोण येतंय?' ग्रुप एकदम शांत. अजून शांतच आहे.

काका कोण, हे आझाद मैदानावर वाढलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक तंबूत असा एक माणूस असतो. आमचे काका चाळीस वर्षं बिनपगारी राबतायत. सकाळी माळ्याबरोबर पिचवर पाणी मारायचं, पोरांचे जन्मदाखले गोळा करून नोंदणीचे फॉर्म भरायचे, अकरावा गडी आला नाही की त्याच्या घरी फोन लावायचा, अंपायरचा चहा बघायचा आणि वर दिवसभर स्कोअरबुक लिहायचं. कांगा लीग तर १९४८ पासूनची, तीही पावसाळ्यातली. सामना होणार की नाही हे बघायला चिखल तुडवत पहिले जाणार काकाच.

फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मैदानावर हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. आकडा सगळ्यांना तोंडपाठ. पण त्या वेळी एकेक धाव वहीत कोणी उतरवली, त्याचं नाव सांगा बरं! नाही ना येत? तिथेच आपलं चुकतं.

२०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी मिळाले. चांगलं झालं, मला पोटदुखी नाही. पण ज्या मैदानातून खेळाडू वर जातात, तिथे फाटकी ताडपत्री बदलायला काका अजून वर्गणीची पावती घेऊन दारोदार फिरतात. याची लाज कुणाला वाटायची?

काही जण म्हणतात, 'त्यांना हौस होती, म्हणून केलं.' अहो, हौस एक मोसम टिकते. चाळीस वर्षं टिकते ती जबाबदारी. आपण ती त्यांच्या एकट्याच्या गळ्यात घातली आणि वरून तिला हौस म्हणून मोकळे झालो. दुसरे म्हणतात, 'आता अकादम्या आहेत की.' आहेत ना, फी भरणाऱ्यांसाठी. ज्याच्या बापाला पॅड परवडत नाहीत, त्या पोराला काका तंबूतल्या पेटीतले जुने पॅड काढून देतात. अकादमी देणार आहे का?

मीही काही वेगळा नाही. बारा वर्षं या क्लबकडून खेळलो, पण सामना संपल्यावर स्टंप उपटून तंबूत ठेवल्याचं एकदाही आठवत नाही. 'काका आहेत ना,' म्हणून बॅग उचलायची आणि लोकल पकडायची.

आता काकांचे गुडघे गेलेत. पुढच्या मोसमाचे फॉर्म त्यांनी भरले नाहीत तर दुसरं कोणी भरणार नाही, आणि क्लब गुपचूप बंद पडेल. मग त्याच ग्रुपवर 'फार वाईट झालं' म्हणून हात जोडलेले इमोजी टाकणार आपण!

शाल-श्रीफळ राहू द्या. त्या पैशात नवी ताडपत्री आणा. स्कोअरबुक, फॉर्म, वर्गणी, पिच अशी चार कामं चौघांनी वाटून घ्या. काकांकडून शिकून घ्या, ते आहेत तोवरच.

मी स्कोअरबुक घेतलंय. रविवारी सकाळी साडेसहाला तंबूपाशी असेन. उरलेले तिघं कोण, ते कमेंटमध्ये लिहा. अंगठा नको, नाव लिहा.